शिनोळीचा टेम्पो आणि उद्यमबागेतला सर्व्हर : एक प्रकरण अभ्यास

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतली एक मध्यम आकाराची फाउंड्री. ओतकाम बेळगावात होतं, मशीनिंग शिनोळीच्या एका जॉबवर्करकडे. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची ओलांडलं की शिनोळी आलीच. पण बाचीच्या पुढे राज्याची हद्द बदलते. शिनोळी चंदगड तालुक्यातली, कोल्हापूर जिल्ह्यातली. जीएसटीच्या नोंदणी क्रमांकात बेळगावचा आकडा २९ ने सुरू होतो, शिनोळीचा २७ ने.

या दोन आकड्यांमुळेच हे प्रकरण एवढं महत्त्वाचं झालं. एरवी ई-वे बिलाला, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाईन काढायच्या कागदाला, ५०,००० रुपयांची मर्यादा आहे. पण एका राज्यातला मालक दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवत असेल तर ती मर्यादा लागू होत नाही. माल कितीही किमतीचा असो, ई-वे बिल काढावंच लागतं. राज्याच्या आत जवळच्या वाहतुकीला गाडीच्या नंबराबाबत जी सवलत मिळते, तीही हद्द ओलांडताना मिळत नाही. मशीनिंग होऊन परत येणारा टेम्पो भरलेला असला की त्याची किंमत बहुधा मर्यादेच्या वरच जाते. म्हणजे जाताना बिल, येताना बिल, आणि दोन्ही बिलं निघणार एकाच ठिकाणाहून : उद्यमबागेतल्या ऑफिसच्या कोपऱ्यातला सर्व्हर, त्यावरची हिशेबाची टॅली.

शिनोळीच्या शेडमध्ये फाउंड्रीचा स्वतःचा एक क्लार्क बसतो. तो रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरच्या यंत्राचा पडदा आपल्या संगणकावर आणून, बेळगावच्या सर्व्हरवर जातो, चलन करतो, ई-वे बिल काढतो, तिथल्याच प्रिंटरवर छापतो आणि टेम्पो सोडतो. याशिवाय टिळकवाडीतले सीए, निपाणी-चिकोडी भागात फिरणारा विक्रीचा माणूस आणि स्वतः मालक हेही बाहेरून याच सर्व्हरवर येतात. पाच-सहा माणसं, एक यंत्र आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली एक जोडणी. ती एका सकाळी बंद पडली आणि मला फोन आला. क्लार्क एवढंच म्हणाला, "सर, टेम्पो भरून उभा हाय की ओ, बिल निघेना झालंय."

आधी काय होतं

सर्व्हरला आतला पत्ता १९२.१६८.१.१०. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२. ब्रॉडबँडवाल्याकडून घेतलेला एक स्थिर सार्वजनिक पत्ता, आणि राउटरमध्ये एकच नियम : बाहेरून ३३८९ पोर्टवर जे येईल ते १९२.१६८.१.१० कडे ढकल. पोर्ट म्हणजे यंत्राची नंबर दिलेली खिडकी, आणि ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट. बेळगावात आणि सीमेपलीकडेही, लहान कारखान्यांमधून मी हीच मांडणी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. बसवायला सोपी, शिकवायला सोपी, म्हणून ती पसरली.

त्या आठवड्यात ब्रॉडबँडवाल्याने जुनी तांब्याची लाईन काढून फायबर दिलं. वेग कितीतरी पटीने वाढला, महिन्याचं बिल कमी झालं, ऑफिसात सगळे खूश. यूट्यूब चालतंय, जीएसटीचं पोर्टल उघडतंय, बँकेचं काम होतंय. ऑफिसातल्या माणसांना काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. बिघडलं होतं ते फक्त बाहेरून आत येणाऱ्यांचं.

अशा तक्रारीत मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो. राउटरच्या स्टेटस पानावर बाहेरच्या बाजूला कोणता पत्ता आहे, आणि 'माझा आयपी कोणता' हे सांगणाऱ्या कुठल्याही वेबसाईटवर कोणता दिसतो? दोन्ही एकच असले तर सार्वजनिक पत्ता आपल्या राउटरवर आहे. इथे राउटरवर १०० ने सुरू होणारा पत्ता होता आणि त्याच्या पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान. वेबसाईटवर भलताच दिसत होता. निदान तिथेच झालं. फाउंड्री आता ब्रॉडबँडवाल्याच्या मोठ्या नॅटच्या मागे होती.

नॅट म्हणजे नेमकं काय घडतं

हे नीट समजल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा. एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. एवढे पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. मे १९९४ मध्ये पत्ता बदलून देण्याची युक्ती, म्हणजेच नॅट, आरएफसी १६३१ मध्ये मांडली गेली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारी क्रमांकित कागदपत्रं), आणि फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खाजगी वापराचे तीन पट्टे पक्के केले : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही आपल्या घरात, कारखान्यात वापरावेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. मध्ये बसलेला राउटर आतला पत्ता काढून स्वतःचा सार्वजनिक पत्ता लावतो आणि उत्तर आलं की उलट बदल करतो.

हे तो कशाच्या आधारावर करतो? कारखान्याच्या गेटवर वॉचमनची वही असते, तशी राउटरकडे एक यादी असते. आतला कोण, कोणत्या पोर्टवरून, बाहेर कोणाकडे गेला, याची नोंद. इंटरनेटवरची माहिती लहान लहान पाकिटांतून जाते. परत आलेलं पाकीट त्या नोंदीशी जुळलं की आत सोडायचं. नोंद नसलेला बाहेरचा माणूस आला, तर त्याला कुठे पाठवायचं हेच वॉचमनला माहीत नसतं, म्हणून तो गेटवरूनच परत जातो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला कायमचं सांगून ठेवणं : 'अमुक खिडकीवर कोणीही आला तरी त्याला थेट अकाउंट्सच्या टेबलापर्यंत नेऊन सोड.' 'कोणीही' या शब्दातच पुढचा सगळा धोका आहे.

आता फायबरनंतर काय झालं ते बघा. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयानाकडचे शेवटचे मोकळे पत्त्यांचे गट वाटून संपले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था एपनिक शेवटच्या राखीव गटावर आली. ब्रॉडबँडवाल्यांना रोज नवे ग्राहक मिळत होते आणि द्यायला पत्ते नव्हते. मग त्यांनी आपल्याच जाळ्यात आणखी एक नॅट बसवलं. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक. त्या मधल्या जागेसाठी एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखून ठेवला, सुमारे ४२ लाख पत्त्यांचा. म्हणजे आता दोन गेट झाली. आपल्या गेटचा वॉचमन आपलं ऐकतो, पण वसाहतीच्या मोठ्या गेटवरचा आपल्या हुकमातला नाही. राउटरमधला ३३८९ चा नियम जागच्या जागी होता, बरोबर होता, आणि निरुपयोगी होता. पाकीट त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

मी जाण्याआधी झालेले प्रयत्न

फोन येण्याआधी इतरांनी बरंच काही करून पाहिलं होतं. त्यातल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, कारण त्या सगळीकडे होतात.

पहिली : ३३८९ बदलून दुसराच पाच आकडी पोर्ट लावला. मोठ्या नॅटमागे त्याने फरक पडणार नव्हताच. पण सुरक्षिततेसाठीही या उपायावर फार विसंबू नये. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन दाखवलं. एका साध्या यंत्रावरून, गिगाबिट लाईनवर, चौथ्या आवृत्तीचे सगळे पत्ते एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत तपासून होतात. जग एवढं लहान झाल्यावर पोर्टचा नंबर बदलून लपणं म्हणजे काही काळाची सवलत, तेवढीच.

दुसरी : राउटरमधलं जुन्या पद्धतीचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खाजगी बोगदा, चालू केलं. ब्रॉडबँडवाल्याने तात्पुरता सार्वजनिक पत्ता दिला होता, त्यामुळे ते जोडलंही गेलं. शिनोळीच्या क्लार्कने १९२.१६८.१.१० चा आयकॉन दाबला, आणि काहीच उघडेना. कारण शिनोळीच्या शेडमधलं जाळंही १९२.१६८.१ चंच, आणि तिथे १० नंबरवर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बसलेला. क्लार्कचा संगणक बोगद्यात शिरलाच नाही. त्याच्या दृष्टीने १० नंबर त्याच खोलीत होता, आणि तो डीव्हीआरच्या दारावर रिमोट डेस्कटॉप मागत बसला. राउटर खोक्यातून काढला तसाच लावला की हे होतं. सगळ्या राउटरांचा कारखान्यातून आलेला पत्ता तोच दोन-तीन पट्ट्यांतला. पुढे कधीतरी दोन जागा जोडाव्या लागणार हे लावणाऱ्याच्या मनातही नसतं.

हा घोळ कायमचा मिटावा म्हणून मी दोन्ही जागांचे पत्ते बदलून टाकले. उद्यमबागेला १०.२९.१० चा पट्टा दिला, शिनोळीला १०.२७.१० चा. जीएसटीचेच आकडे. क्लार्कला, अकाउंटंटना, उद्या येणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही माणसाला पत्ता बघताक्षणी कळतं की हे यंत्र हद्दीच्या कुठल्या बाजूचं आहे.

स्थिर पत्ता पुन्हा विकत घ्यावा का?

मालकांचा प्रश्न साधा होता. ब्रॉडबँडवाला जादा पैशांत स्थिर सार्वजनिक पत्ता द्यायला तयार आहे. तो घ्यावा, जुना नियम परत चालू करावा, की झालं. अकाउंटंट काकाही म्हणाले, "चाललं होतं तसंच चालू द्या की."

उत्तर म्हणून मी त्यांना सर्व्हरमधली सुरक्षेची नोंदवही उघडून दाखवली. विंडोजमध्ये चुकलेल्या प्रत्येक लॉगिनची नोंद ४६२५ या क्रमांकाने होते. लाईन बदलण्याच्या आदल्या दिवसापर्यंतची पानंच्या पानं त्याच नोंदींनी भरलेली होती, दिवसा आणि रात्रीही, काही सेकंदांच्या अंतराने. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टॅली, अकाउंट्स, युजर१ : एकामागून एक नावं, जगाच्या भलत्याच कोपऱ्यांतल्या पत्त्यांवरून. हे करणारं यंत्र थकत नाही, सुट्टी घेत नाही. 'अकाउंट्स' हे नाव तर खरंच अस्तित्वात होतं, आणि त्याचा पासवर्ड काय होता ते मी इथे लिहिणार नाही.

मोठ्या नॅटने जोडणी तोडली, त्या क्षणी या नोंदीही थांबल्या होत्या. मालकांना मी तारीख बोटाने दाखवली. टेम्पो अडकला ती सकाळ आणि हल्ले थांबले ती सकाळ एकच होती. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग 'जुनंच चालू करा' हा विषय पुन्हा निघाला नाही.

मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाने ओळखली गेलेली त्रुटी दुरुस्त केली. तिला पासवर्डचीही गरज नव्हती. पोर्टपर्यंत पोचता आलं की पुरे. ती विंडोज ७, सर्व्हर २००८ आर२ आणि त्याहून जुन्या यंत्रांना लागू होती, आणि ती इतकी गंभीर होती की पाठिंबा संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. या फाउंड्रीतला २०१२ आर२ त्या त्रुटीत सापडत नव्हता. पण त्याचा पाठिंबा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला होता, आणि पुढची त्रुटी निघाली तर त्याला नियमित दुरुस्ती मिळणार नव्हती. अशा यंत्राचं दार रस्त्यावर उघडं ठेवणं मला कुठल्याही किमतीत मान्य नाही. तिथे नुसते आकडे नाहीत. साठ-सत्तर माणसांचा पगार, उधारी, बँकेची मर्यादा, सगळं त्या एका डिस्कवर आहे. एखाद्याने तिला कुलूप लावून पैसे मागितले, तर भट्टीवरच्या माणसाचा पगारही त्यात अडकतो.

इथे एक गैरसमजही स्पष्ट करायला हवा. मोठ्या नॅटने हल्ले थांबवले म्हणून नॅट ही सुरक्षेची सोय ठरत नाही. ऑफिसातल्या कोणीतरी ईमेलमधली फसवी फाईल उघडली, की आतूनच बाहेर हाक जाते, नोंद होते, आणि परतीचा रस्ता आपोआप खुला होतो. पत्त्यांची टंचाई भागवण्यासाठी नॅट आलं. कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं हे काम फायरवॉलनेच करायचं.

आतून बाहेर

त्या दिवसाची गरज मी दूरच्या मदतीसाठी वापरतात तसल्या ॲपवर भागवली. ही ॲप दोन्ही नॅटमागून चालतात, कारण दोन्ही टोकं स्वतःहून बाहेरच्या एका मध्यस्थ सर्व्हरला हाक घालतात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. टेम्पो सुटला. पण त्यात एकच पडदा सगळ्यांना दिसतो. क्लार्क बिल करत असताना सीएंनी माउस हलवला की संपलं. शिवाय धंद्यासाठी वापरायचं तर परवाना घ्यावा लागतो. रोजच्या कामाची ती सोय नव्हे.

मात्र त्यातलं तत्त्व नेमकं होतं आणि कायमचा उपाय त्यावरच उभा केला. जगाला आत बोलवायचं नाही, सर्व्हरनेच बाहेर हाक घालायची.

मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतला. महिन्याला काहीशे रुपयांचं काम, आणि त्याच्यासोबत सार्वजनिक पत्ता मिळतो. त्यावर वायरगार्ड बसवलं. हे व्हीपीएन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, सामावलं गेलं. ते युडीपीवर, म्हणजे पोच न मागता पाकिटं पाठवण्याच्या पद्धतीवर चालतं आणि नॅटशी जुळवून घेतं. उद्यमबागेचा सर्व्हर, शिनोळीचा संगणक, सीएंचा आणि मालकांचा लॅपटॉप, प्रत्येकाला स्वतःची गुप्त सांकेतिक किल्ली आणि १०.९९.० च्या पट्ट्यातला एक पत्ता. सगळे मुंबईकडे हाक घालतात. मुंबईचा सर्व्हर फक्त एवढंच करू देतो की किल्लीवाल्याने फाउंड्रीच्या सर्व्हरच्या ३३८९ वर जावं. एकमेकांच्या लॅपटॉपमध्ये डोकावता येत नाही. कोणी नोकरी सोडली तर त्याची किल्ली काढायची, बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

भाड्याच्या त्या सर्व्हरवर देखरेखीसाठी एसएसएचने (दूरून आज्ञा देण्याच्या सोयीने) जाताना पासवर्ड चालत नाही, किल्लीच लागते. त्याचा २२ नंबरचा पोर्टही ठरावीक पत्त्यांनाच उघडा ठेवला. 'आपला हिशेब मुंबईच्या यंत्रावर जातो का?' असं मालकांनी विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं. नाही जात. रिमोट डेस्कटॉपचं स्वतःचं कूटबद्धीकरण बोगद्याच्या आतही चालू असतं. मधला सर्व्हर बंद पाकिटं पुढे सरकवतो.

फाउंड्रीच्या सर्व्हरवर विंडोजच्या फायरवॉलमध्ये ३३८९ फक्त १०.९९.० आणि १०.२९.१० या दोन पट्ट्यांना खुला केला. राउटरमधले फॉरवर्डिंगचे नियम पुसले, आतल्या यंत्रांना असे नियम आपोआप लावू देणारं यूपीएनपी बंद केलं. पडदा दिसण्याआधीच ओळख पटवणारी नेटवर्क पातळीची तपासणी सक्तीची केली.

मालकांच्या आयकॉनची एक जुनी कटकट यातच मिटली. पूर्वी तो बाहेरून चालायचा आणि ऑफिसात बसलं की चालायचा नाही. आतूनच स्वतःच्या सार्वजनिक पत्त्याकडे गेलेलं पाकीट वळवून परत आत आणायला राउटरला हेअरपिन नॅट जमावं लागतं, ते त्या राउटरला जमत नव्हतं. आता आत-बाहेर कुठेही पत्ता एकच.

काळा पडदा

जोडणी झाली, सगळीकडून लॉगिन होऊ लागलं आणि शिनोळीतून फोन आला : "आत जातंय, पण काळं पडतंय बघा सर." नाव, पासवर्ड घेतला जातो, मग पडदा काळा, आणि थोड्या वेळाने जोडणी तुटते. टिळकवाडीतून मात्र व्यवस्थित.

आधी मी रिमोट डेस्कटॉपची युडीपी वाट बंद करून फक्त टीसीपीवर, म्हणजे पोच घेऊन पाठवण्याच्या पद्धतीवर, चालवून पाहिलं. फरक नाही. मग शिनोळीची लाईन बघितली. तिथे फायबर नाही, मोबाईलच्या सिमवर चालणारा राउटर आहे. पाऊस लागला की तो कधी अलीकडचा टॉवर धरतो, कधी पलीकडचा. रोग लक्षात आला. लॉगिनची पाकिटं लहान असतात, ती जातात. पडदा रंगवायची वेळ आली की मोठी पाकिटं सुरू होतात, ती वाटेत गळतात.

ऑफिसातल्या तारेच्या जाळ्यात, म्हणजे इथरनेटवर, पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटचं. वायरगार्ड आपला वेष्टनाचा खर्च म्हणून आयपीच्या चौथ्या आवृत्तीवर ६० आणि सहाव्या आवृत्तीवर ८० बाइट घेतं, म्हणून ते स्वतःची मर्यादा १४२० धरतं. साध्या ब्रॉडबँडवर हे बसतं. मोबाईलच्या जाळ्यात मात्र आधीच आणखी वेष्टनं असतात. बऱ्याच ठिकाणी आतून सहावी आवृत्ती चालते आणि चौथीची पाकिटं तिच्यात रूपांतरित होऊन जातात, तिथे आणखी २० बाइट वाढतात. पाकीट मावेना की त्याचे तुकडे करावेत किंवा 'लहान पाठव' असा निरोप परत यावा, अशी रीत आहे. पण तुकडे वाटेत टाकून दिले जातात आणि निरोप कुठल्यातरी फायरवॉलमध्ये अडकतो. पाठवणारा वाट बघत बसतो, बघणाऱ्याला काळा पडदा.

तुकडे न करण्याची अट घालून वेगवेगळ्या आकाराचे पिंग, म्हणजे चाचणीची पाकिटं, पाठवले की कुठे गळती सुरू होते ते कळतं. मी शेवटी सगळ्या टोकांना वायरगार्डची मर्यादा १२८० ठेवली. थोडा वेग जातो, पण वेष्टनं चढल्यावरही पाकीट मावतं. टॉवर अलीकडचा असो की पलीकडचा, आता पडदा उमटतो.

जेवणाच्या सुट्टीनंतर गोठणारा पडदा

ही तक्रार जुनीच होती आणि कोणी ती तक्रार म्हणून मांडतही नव्हतं. क्लार्क जेवून आला की पडदा गोठलेला. पुन्हा लॉगिन करायचं, कधी टॅलीत 'दुसरा वापरकर्ता आत आहे' म्हणून अडायचं.

नॅटची नोंद कायमची नसते. काही काळ हालचाल नसली की ती पुसली जाते. २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये जुळलेल्या टीसीपी जोडणीची नोंद किमान २ तास ४ मिनिटं ठेवावी असं म्हटलं आहे. हा आकडा असा विचित्र का, तर टीसीपीची 'आहेस का?' अशी चौकशी मूळ ठेवणीत २ तासांनी होते, तिच्याआधी नोंद जाऊ नये म्हणून. प्रत्यक्षात लाखो ग्राहक सांभाळणारी यंत्रं एवढा धीर धरत नाहीत. नोंद पुसली गेल्याचं दोन्ही टोकांना कोणी कळवत नाही. सर्व्हरला वाटतं माणूस आत आहे, माणसाला वाटतं सर्व्हर गोठला.

वायरगार्डमध्ये दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवायची सोय आहे. युडीपीच्या नोंदी टीसीपीपेक्षा लवकर पुसल्या जातात, म्हणून अंतर एवढं लहान. ती सगळ्या टोकांना चालू केली. रिमोट डेस्कटॉपची स्वतःची चौकशीही धोरणातून दर मिनिटाला लावली, म्हणजे खरंच तुटलेली जोडणी सर्व्हरला लवकर कळते. जेवणाच्या सुट्टीचा प्रश्न गेला.

परवाने

जुन्या सर्व्हरवर पाच-सहा माणसं एकाच वेळी कशी येत होती? विंडोज सर्व्हरवर देखरेखीसाठी दोन जोडण्या मोफत मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर रिमोट डेस्कटॉप सेवेचे परवाने लागतात, आणि ते घेईपर्यंत १२० दिवसांची मुदत मिळते. इथे दर वेळी मुदत संपत आली की कोणीतरी येऊन विंडोजच्या रजिस्ट्रीतली त्या मुदतीची नोंद पुसून जात होतं. परवान्याचा भंग तर आहेच. शिवाय त्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बाहेरच्या माणसांच्या फोनमध्ये साठून होता.

नवा विंडोज सर्व्हर २०२२ घेतला, परवाने रीतसर घेतले. डोमेन नसलेल्या, म्हणजे सगळ्यांची खाती एका मध्यवर्ती ठिकाणी नसलेल्या, अशा लहान जागी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : माणसामागे घेतलेले परवाने अशा सुट्या यंत्रांच्या वर्कग्रुपमध्ये चालत नाहीत. विंडोज सर्व्हरच्या २०१९ पासूनच्या आवृत्त्यांवर त्यामुळे दर ६० मिनिटांनी जोडणी तुटते. यंत्रामागे परवाना घ्यावा. विकणाऱ्याला हे दर वेळी माहीत असतंच असं नाही.

दुसरी लाईन

फायबर तुटलं तर म्हणून उद्यमबागेत मोबाईल सिमची दुसरी लाईन जोडली. या मांडणीचा मोठा फायदा इथे दिसतो. सर्व्हर स्वतः हाक घालतो, त्यामुळे लाईन कुठली हे मुंबईच्या यंत्राला आधी सांगावं लागत नाही. नव्या पत्त्यावरून किल्लीचं खरं पाकीट आलं की ते तिकडे उत्तर द्यायला लागतं. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये हे शक्यच नव्हतं.

पण चाचणीत एक अवघड गाठ निघाली. फायबरची तार राउटरमधून उपसली तर बोगदा लगेच दुसऱ्या लाईनवर जातो. तार जागेवर ठेवून ब्रॉडबँडवाल्याच्या बाजूने इंटरनेट गेल्यासारखं केलं, तर मात्र जातच नाही. ऑफिसातले बाकीचे संगणक दुसऱ्या लाईनवर मजेत चालतात, बोगदा तेवढा मेलेला. कारण पुन्हा ती नोंदच. राउटरने बोगद्याची नोंद फायबरच्या पत्त्याने करून ठेवली होती. तार उपसली की इंटरफेस पडतो आणि राउटर त्याच्या नोंदी पुसतो. तार जागेवर असली की नोंद तशीच राहते, पाकिटं दुसऱ्या लाईनने निघतात, पण अंगावर फायबरचा पत्ता घेऊन, आणि ती कुठेच पोचत नाहीत. आणि एरवी नोंद काही वेळाने आपोआप मेली असती, ती इथे मरत नव्हती, कारण आपणच दर २५ सेकंदांनी तिला जिवंत ठेवत होतो.

राउटरमध्ये एक छोटी आज्ञावली ठेवली. लाईन बदलली की मुंबईच्या पत्त्याकडे जाणाऱ्या जुन्या नोंदी तेवढ्या पुसायच्या. नंतरच्या चाचणीत अर्ध्या मिनिटाच्या आत बोगदा परत उभा राहिला. दोन लाईन लावणाऱ्या प्रत्येकाने तार उपसून न थांबता ही दुसरी चाचणी घ्यावीच. गावाकडे तार तुटण्यापेक्षा पलीकडचं यंत्र बंद पडणं जास्त होतं.

अजून बाकी

फायबरचा डबा आणि राउटर यूपीएसवर घेतले. भट्टीच्या विजेपासून सर्व्हरची वीज वेगळी काढायचं काम इलेक्ट्रिशियनकडे आहे. रोजची बॅकअप आता दोन डिस्कवर फिरते, त्यातली एक नेहमी सुटी आणि कपाटात. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवायच्या, घड्याळं ठरवून दिलेल्या सर्व्हरशी जुळवायची आणि घुसखोरी आढळली तर ६ तासांच्या आत कळवायचं. घड्याळं आणि नोंदी झाल्या. कळवायचं कोणी, याचा कागद अकाउंटंट काकांच्या टेबलावरच्या काचेखाली लावला आहे. मोठ्या नॅटमागून आलेला माणूस नंतर शोधायचा तर पत्ता पुरत नाही, नेमकी वेळ आणि त्याचा पोर्टही लागतो, म्हणून मुंबईच्या सर्व्हरवर दोन्हींची नोंद होते.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा विचार करून पाहिला. भारतात ती बरीच पसरली आहे आणि फायबरवर ती मिळतेही. तिच्यात नॅटची गरजच उरत नाही. पण फायबरवरचा पट्टा अधूनमधून बदलतो आणि सीएंच्या ऑफिसातल्या लाईनवर ती अजून आलेली नाही. त्यांच्याकडे आली की पुन्हा बघू.

विक्रीच्या माणसाच्या लॅपटॉपवर अजून विंडोज ७ आहे. त्याची किल्ली मी दिलेली नाही. नवा लॅपटॉप येईपर्यंत तो निपाणीहून ऑर्डर फोनवर सांगतो आणि उद्यमबागेत ती भरली जाते.